खरीखुरी दिसणारी एअरसॉफ्ट रायफल: घ्यायची कशी, रंगवायची कशी, नागपुरात न्यायची कशी

एअरसॉफ्टबद्दल विचारायला येणारा जवळजवळ प्रत्येक पोट्टा आधी हेच विचारतो की भाऊ, फुटते किती जोरात, एफपीएस (छर्रा सेकंदाला किती फूट जातो ते) किती, बॉडी मेटलची का प्लास्टिकची. हे सगळं नंतर बघू. आधी हे बघा की तुमच्या हातातली वस्तू वीस पावलांवरून अनोळखी माणसाला काय दिसते. काहून का मैदानाबाहेर ती बघणारा जो कोणी असेल, शेजारच्या काकू, चौकातला ट्रॅफिक हवालदार, बँकेचा गार्ड, त्याला एफपीएस-बिफपीएस माहीत नसतं, त्याला एके-४७ दिसते आणि तो त्याच हिशोबानं वागतो. त्यामुळे इथं मी ताकदीपेक्षा दिसण्याबद्दलच जास्त लिहिलं आहे.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एअरसॉफ्ट हा खऱ्यासारख्या दिसणाऱ्या नकली बंदुकांनी खेळायचा खेळ, जपानातून आला, त्यात ६ मिमीचे प्लास्टिकचे गोल छर्रे असतात, साधारण ०.२० ते ०.३० ग्रॅमचे, आणि ते स्प्रिंगनं, बॅटरीवरच्या मोटरनं किंवा गॅसनं उडतात. टोकियो मारुई कंपनीनं १९९१ मध्ये बॅटरीवर चालणारी, फामास या फ्रेंच रायफलीसारखी बंदूक काढली आणि तिथून हा खेळ पसरला. ताकद ज्यूलमध्ये मोजतात, ०.२० ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १०० मीटरनं सुटला की १ ज्यूल झाला, म्हणजे दुकानातल्या छर्ऱ्याच्या बंदुकीपेक्षा बरीच कमी. जपानात तर ६ मिमीसाठी वरची हद्दच ०.९८ ज्यूल आहे. पण दिसायला? मापं खऱ्या रायफलीची, मॅगझिन निघतं, दस्ता (खांद्याला टेकवायचा मागचा भाग) मागे-पुढे सरकतो, वजनही भरतं. दुरून सोडा, हातात घेतल्यावरही नवख्याला फरक कळत नाही.

आपला कायदा काय म्हणतो

इथं लोक सगळ्यात जास्त गडबड करतात, म्हणून जरा थांबून वाचा.

आर्म्स ॲक्ट १९५९ चा. त्यात एअरसॉफ्ट हा शब्दच नाही, त्यामुळे पोट्टे म्हणतात की कायदाच नाही तर अडवणार कोण. पण फायरआर्मची व्याख्या वाचा, कलम २ मध्ये आहे, स्फोटकाच्या किंवा ऊर्जेच्या दुसऱ्या कुठल्याही प्रकाराच्या जोरावर कुठलीही गोळी फेकायला बनवलेलं हत्यार. दुसरा कुठलाही प्रकार म्हणजे हवा आली, गॅस आला, स्प्रिंग आली. मग २०१६ चे आर्म्स रूल्स, त्यात हवेवर चालणाऱ्या बंदुकीसाठी दोन हद्दी आहेत, ताकद २० ज्यूल आणि नळीचा व्यास ४.५ मिमी म्हणजे पॉइंट एकशे सत्याहत्तर इंच. यापैकी एक जरी ओलांडली तरी परवान्याचा विषय येतो. आता गोम बघा. सगळे ज्यूल बघतात आणि खूश होतात की आपली तं दीड ज्यूलच आहे, पण एअरसॉफ्टचा छर्राच ६ मिमीचा आहे, नळी ४.५ च्या वर जातेच. ऑनलाइन विकणारे 'नो लायसन्स रिक्वायर्ड' असं मोठ्या अक्षरात लिहितात, त्या ओळीच्या भरवशावर पंधरा-वीस हजार टाकू नका.

मग हे खेळणं म्हणून विकलं कसं जातं? तेही कलम २ मध्येच आहे. हत्यारांच्या व्याख्येतून शेतीच्या-घरच्या वापराच्या वस्तू, लाठी वगैरे वगळल्या आहेत, आणि त्यासोबत अशी हत्यारंही वगळली आहेत ज्यांचा खेळण्याशिवाय दुसरा कुठलाच उपयोग होऊ शकत नाही आणि ज्यांना बदलून चालणारं हत्यार करता येत नाही. दोन्ही अटी एकत्र आहेत. दीडशे रुपयांची प्लास्टिकची पिस्तूल यात बसते यात वाद नाही. पण मेटल गिअरबॉक्स, मेटल नळी, स्टीलचे पार्ट असलेली हुबेहूब एम४ (अमेरिकी लष्कराची रायफल) बसते का, हे तुम्ही ठरवत नाही आणि दुकानदार तर मुळीच ठरवत नाही. ते आधी ठाणेदार ठरवणार, मग कोर्ट, आणि तोपर्यंत तुमची रायफल मुद्देमाल म्हणून ठाण्यात जमा.

दिसण्याबद्दल थेट बोलणारी कलमं दोन आहेत, ६ आणि २८. नकली बंदुकीची व्याख्या सहाव्या कलमात दिली आहे, बंदुकीसारखी दिसणारी कुठलीही वस्तू, तिच्यातून गोळी सुटो का न सुटो. अशा नकली बंदुकीचं विनापरवाना खऱ्या बंदुकीत रूपांतर करणं हा गुन्हा आहे, म्हणून यूट्यूबवर बघून नळी बदलायच्या, जास्त जोराचं काही बसवायच्या भानगडीत पडूच नका. आणि २८ वं कलम सांगतं की स्वतःची किंवा दुसऱ्याची कायदेशीर अटक टाळायला खरी किंवा नकली बंदूक वापरली तर सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. म्हणजे नकली आहे ही सबब तिथं चालतच नाही. कोणाला धाक दाखवला तर भारतीय न्याय संहितेचं ३५१ आहेच, धमकीचं, आणि समोरचा घाबरला तो तुमची बॅटरी चार्ज होती का नव्हती यावर थोडाच घाबरला.

आणि एक, टोक नारिंगी असलं की सूट मिळते असं आपल्या आर्म्स ॲक्टमध्ये कुठंही लिहिलेलं नाही. तरीही मी रंग मारायचाच म्हणतो, त्याचं कारण पुढं येते.

मग करायचं काय? विकत घ्यायच्या आधी लेखी विचारा. नागपूर शहराच्या हद्दीत पोलीस आयुक्तालयाची परवाना शाखा आहे, ग्रामीण असेल तर जिल्हाधिकारी कार्यालय. हिंगणा, कामठी हे शहर पोलिसांकडे येतात, काटोल, उमरेड, सावनेर, रामटेक ग्रामीणकडे, त्यामुळे तुम्ही राहता कुठं आणि खेळता कुठं दोन्ही बघा. अर्जात मॉडेलचा फोटो, छर्ऱ्याचं माप, ज्यूल, बॉडी कशाची आहे, कुठं खेळणार हे साधं मराठीत लिहा, दोन प्रती काढा, आवक-जावकचा शिक्का मारून एक प्रत स्वतःकडे ठेवा. उत्तर यायला वेळ लागतो, लागू द्या. उत्तरात परवाना लागते असं आलं तर परवान्याचा रस्ता धरा नाही तर ती वस्तू सोडा. खेळायचंच असेल तर लेझर टॅग आहे, तयार मैदानावर जाऊन पेंटबॉल आहे, ज्यात मार्कर म्हणजे रंगाच्या गोळ्या मारायची बंदूक मैदानवाल्याची असते आणि तुम्ही रिकाम्या हातानं घरी येता. सुरुवात करणाऱ्याला मी हेच सांगतो.

बाहेरून मागवू नका. आर्म्स ॲक्टच्या कलम १० खाली हत्यारं आणायला परवाना लागतो, आणि कस्टम्सच्या यादीत स्प्रिंग, हवा, गॅसवरच्या बंदुका ९३०४ मध्ये येतात, ते ९३ वं प्रकरणच हत्यारांचं आहे, खेळणी ९५ व्या प्रकरणात असतात. पार्सलवर टॉय लिहून आणलेली हुबेहूब रायफल उघडली गेली की जप्ती, आणि वरून चुकीची माहिती दिली म्हणून वेगळी नोटीस. पैसे गेले ते गेलेच.

बाहेरच्या देशांनी दिसण्याचं काय केलं

हे सांगायचं कारण की रंग कुठं आणि किती मारायचा याचा चांगला हिशोब त्यांनी करून ठेवला आहे, आपण तो फुकटात घेऊ शकतो.

अमेरिकेत १९८८ चा केंद्रीय कायदा आहे, खेळण्यातल्या आणि एअरसॉफ्टच्या बंदुकीच्या नळीच्या टोकाला झगझगीत नारिंगी खूण पाहिजे, बाहेरून गोल रंगवायची असेल तर टोकापासून किमान ६ मिमी. हा नियम बनवणाऱ्यावर, आणणाऱ्यावर, विकणाऱ्यावर आहे. पण ६ मिमी म्हणजे बोटाच्या अर्ध्या नखाएवढं, त्यानं भागत नाही हे तिथं वाईट पद्धतीनं कळलं. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात सांता रोझाला अँडी लोपेझ नावाचा १३ वर्षांचा पोरगा एके-४७ सारखी दिसणारी एअरसॉफ्ट घेऊन रस्त्यानं चालला होता, पोलिसाच्या गोळीनं गेला. नंतरच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये क्लीव्हलंडला टमीर राइस, १२ वर्षांचा, बागेत एअरसॉफ्ट पिस्तूल घेऊन खेळत होता, त्याच्या पिस्तुलाचं नारिंगी टोक नव्हतं, तोही गेला. बारा-तेरा वर्षांची लेकरं. कोणी म्हणतं ना की रंगानं रायफलीचा लुक जातो, त्याला मी ही दोन नावं सांगतो आणि पुढं बोलत नाही.

कॅलिफोर्नियानं मग कायदा कडक केला, २०१६ पासून लागू झाला. टोक तं रंगवायचंच, शिवाय लांब बंदुकीला ट्रिगरभोवतीची कडी पूर्ण चमकदार रंगाची पाहिजे, आणि पकडायची मूठ, दस्ता, मॅगझिन या तिघांपैकी दोन ठिकाणी रंगीत पट्टा. इंग्लंडनं २००६ मध्ये कायदा केला, २००७ च्या ऑक्टोबरपासून लागू, तिथं खऱ्यासारखी दिसणारी नकली बंदूक बनवणं, आणणं, विकणं बंद, सूट फक्त ठरावीक कारणांना, त्यात विमा असलेल्या मैदानावर एअरसॉफ्ट खेळणारे येतात. बाकीच्यांना मुख्य रंग लाल, नारिंगी, पिवळी, हिरवी, गुलाबी, जांभळी, निळी नाही तर पारदर्शक अशीच मिळते, तिथले खेळाडू तिला टू-टोन म्हणतात. अठराच्या खालच्याला कुठलीच नकली बंदूक विकता येत नाही. जपाननं तर १९७१ मध्येच धातूच्या नकली पिस्तुलांना पांढरा नाही तर पिवळा रंग आणि नळी बुजवणं सक्तीचं केलं.

आता रंग मारू

मी कॅलिफोर्नियाच्या जागा घेतो आणि इंग्लंडएवढा रंग घेतो. म्हणजे टोकापासून निदान पाच-सहा इंच नळी, ट्रिगरची कडी, पूर्ण मॅगझिन, आणि दस्त्याची मागची बाजू. मॅगझिनचं विशेष सांगतो, एके आणि एम४ लोक दुरून ओळखतात ते मॅगझिनच्या आकारावरूनच, त्यामुळे तेच पिवळंधमक असलं की डोळा लगेच अडखळतो. नुसतं टोक रंगवलं तं समोरून दिसते पण बाजूनं, पाठीमागून काहीच दिसत नाही, आणि रस्त्यावरचा माणूस बहुतेक वेळा बाजूनंच बघत असतो.

पद्धत अशी. बॅटरी काढा, मॅगझिन काढा, नळीत छर्रा अडकला नाही ना बघा. एबीएस प्लास्टिकवर थिनर लावायचा नाही, प्लास्टिक चिकट होऊन विरघळते, साध्या भांड्याच्या साबणाच्या पाण्यानं पुसा आणि पूर्ण सुकू द्या. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं हलकंच घासा, चमक गेली की बस. नळीचं तोंड आतून कापडाच्या बोळ्यानं बंद करा, बाकीच्या भागाला मास्किंग टेप. आधी प्लास्टिकचा प्रायमर, मग पांढरा बेस, आणि मगच फ्लोरोसंट. हा पांढरा बेस कोणी मारत नाही आणि मग म्हणतात रंग खुलला नाही. फ्लोरोसंट रंग आरपार असतो, काळ्यावर मारला की मळकट विटकरी होते, पांढऱ्यावर मारला की पेटते. पातळ हात तीन-चार मारा, मध्ये वाळू द्या, शेवटी क्लिअर कोट. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४५ ला जातो तेव्हा दुपारी गच्चीवर स्प्रे मारू नका, रंग हवेतच सुकून खरबरीत बसतो, सकाळी सावलीत करा. आणि हा रंग उन्हानं उडतोच, म्हणून दरवर्षी एक हात परत.

एवढं करायचं नसेल तर गाडीवर नंबर-नावं चिकटवणारा रेडियमवाला असतो ना, त्याच्याकडून फ्लोरोसंट पिवळा नाही तर नारिंगी विनाइल कापून घ्या आणि मॅगझिन, दस्ता, नळीला गुंडाळा. रंगापेक्षा टिकाऊपणा कमी पण काम चोख होते, आणि रात्री हेडलाइट पडला की चमकणारी पट्टी वेगळी मिळते तीही एक लावा. विकत घेतानाच पारदर्शक किंवा निळी बॉडी मिळत असेल तर तीच घ्या, सगळी मेहनत वाचते. कंपनीचं नारिंगी टोक काढून काळं लावायचं, असं कोणी ग्रुपमध्ये करून राहिला असेल तर त्याला खेळात घेऊ नका. इथं माझं मत बदलत नाही.

एक मर्यादाही लक्षात ठेवा, संध्याकाळ पडली की डोळ्याला लाल-नारिंगी सगळ्यात आधी काळपट दिसायला लागतो. दुपारी झगझगीत वाटलेलं टोक साडेसहाला कळतच नाही. रंग मारला म्हणजे आता कुठंही मिरवा असं अजिबात नाही.

नेआण आणि जागा

मैदानाबाहेर रायफल दिसायलाच नको. बॅटरी वेगळी, मॅगझिन वेगळं, छर्रे वेगळे, रायफल बंद बॅगेत, बॅग डिक्कीत. बॅग साधी घ्या, क्रिकेटच्या किटची नाही तर गिटारची चालते, खऱ्या रायफलीच्या आकाराची लष्करी छापाची बॅग कशाला पाहिजे बाप्पा. टू-व्हीलरवर पाठीला लटकवून तं मुळीच नाही. सोबत बिल, मॉडेलचा छापील कागद आणि परवाना शाखेच्या उत्तराची प्रत. मेट्रोत, बसमध्ये, मॉलमध्ये नेऊ नका, बॅग तपासली की तिथंच तमाशा. सोनेगावच्या विमानतळावर केबिन बॅगेत खेळण्यातली बंदूकसुद्धा चालत नाही.

नागपूरचं एक वेगळं आहे. इथं सीताबर्डीच्या किल्ल्यावर लष्कर, वायुसेना नगर, कामठीची छावणी, अंबाझरीची आयुध निर्माणी, आणि डिसेंबरात सिव्हिल लाइन्सला अधिवेशन, सगळा बंदोबस्त रस्त्यावर. दसऱ्याला रेशीमबागेत हजारोंनी आणि दीक्षाभूमीवर लाखोंनी माणसं. पोलीस अशा वेळी महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७ लावतात, हत्यारं आणि इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू बाळगायला मनाई, किंवा नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ चा आदेश असतो, म्हणजे जुनं १४४. खेळाच्या आधी शहर पोलिसांची सूचना बघा, आदेश असेल तर खेळ पुढं ढकला, वाद घालत बसू नका.

फुटाळ्यावर, अंबाझरी बागेत, कॉलनीच्या ग्राउंडवर खेळायचं नाही. कोणाचं तरी स्वतःचं वावर पाहा, वस्तीपासून आणि हायवेपासून लांब. मालकाची लेखी संमती आणि सातबाऱ्याची प्रत घ्या, सरपंच आणि पोलीस पाटील यांना आधी भेटून सांगा, जमलं तर बंदूक रंगासकट दाखवा, आणि ठाण्यात तारीख, वेळ, माणसं किती हे लिहून द्या. गावात अनोळखी दहा जण जंगलछाप कपडे घालून रायफली घेऊन उतरले तर कोणीही ११२ लावणारच, आणि तो बरोबरच आहे. बांधावर चारी बाजूंनी रंगीत कापड आणि 'खेळ चालू आहे' असा मोठा मराठी बोर्ड लावा. कपडे लष्कराच्या नकलेचे नकोच, रंगीत जर्सी घाला. डोळ्यांना पूर्ण झाकणारा एएनएसआय झेड८७.१ किंवा ईएन १६६ (डोळ्यांच्या सुरक्षेची मानकं) छापलेला गॉगल, साधा चष्मा चालत नाही.

जंगलाकडे बघूही नका. पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला इकडे फिरायला जाताना डिक्कीत रायफल राहिली असं म्हणू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम ३१ मध्ये लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार घेऊन शिरायला बंदी आहे, आणि त्या कायद्यात हत्यार म्हणजे प्राण्याला इजा करू शकेल असं कुठलंही साधन.

पोलीस समोर आले तर

हातात असेल तर जागेवर थांबा, नळी जमिनीकडे, बोट ट्रिगरवरून बाहेर, हळूच खाली ठेवा, दोन पावलं मागं या, दोन्ही हात मोकळे दिसू द्या. बॅगेत असेल तर तोंडानं सांगा की साहेब, बॅगेत एअरसॉफ्टची रायफल आहे, खेळायची आहे, कागद वरच्या खिशात आहेत, तुम्हीच काढून बघा. 'अहो खोटी आहे, हे बघा' म्हणत ती बाहेर ओढायची नाही, सगळ्यात धोक्याची हालचाल तीच आहे. जप्त केली तर पावती, पंचनाम्याची प्रत मागा आणि वकिलाला फोन लावा, चौकात आवाज चढवू नका.

रीलचंही इथंच सांगतो. काळी रायफल खांद्याला, मागं डॉनचं गाणं, खाली 'भाऊचा बर्थडे', असले व्हिडिओ टाकू नका. स्क्रीनवर रंग, वजन, ज्यूल काहीच दिसत नाही आणि चौकशीला बोलावणं येते ते तुमच्याच हँडलवर. खेळाचा व्हिडिओ टाकायचाच तर रंगवलेला भाग दिसेल असा, गॉगल घातलेला, मैदानावरचा टाका.

घरात लहान पोट्टे असतील तर रायफल कुलपात, बॅटरी दुसऱ्या खोलीत. तान्ह्या पोळ्याला लेकराला सैनिकाचा ड्रेस घालून लाकडी नंदीसोबत पाठवता ना, तेव्हा हातात द्यायची बंदूक रंगीबेरंगी प्लास्टिकची, आयएसआय शिक्क्याची द्या, २०२१ च्या १ जानेवारीपासून लहान मुलांच्या खेळण्यांवर तो शिक्का सक्तीचा आहे. काकाची एअरसॉफ्ट फोटोपुरतीसुद्धा द्यायची नाही, पोराला फोटो संपला हे कळत नाही, तो ती घेऊन गल्लीत पळतो.

आणि पुढं कंटाळा आला, विकायची झाली तर अनोळखी माणसाला ऑनलाइन विकू नका. ओळखीतल्या, अठराच्या वरच्या माणसाला द्या, ओळखपत्राची प्रत आणि तारखेसह सही घेऊन ठेवा, परवाना शाखेचं उत्तरही त्याला दाखवा, आणि रंग आहे तसाच ठेवून द्या. घेणारा म्हणाला की रंग काढून काळी करून दे, तर त्याला विकू नका.